जुन्या विहाराची पुनर्बांधणी: पैसा कसा आणि कोणत्या क्रमानं उभा करायचा

प्रश्न कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या गावातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: वस्तीतलं बुद्ध विहार त्याच्या आजोबांच्या पिढीनं 1957 साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर लगेच, बांधलं. मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी आढं आणि वासे, वर मंगलोरी कौलं. पावसात मागची भिंत पडली. इंजिनिअरनं सगळं पाडून दुमजली आरसीसी विहार बांधायला 62 लाखांचा अंदाज दिलाय. वस्ती 120 घरांची. विडी वळणाऱ्या बाया, तंबाखूच्या वखारीतले कामगार, थोडे ऊसवाले, बाकी तरुण इचलकरंजी-कोल्हापूरला कामाला. दुबईत काही नातेवाईक आहेत, थायलंडहून मूर्ती मिळवून देतो म्हणणारे एक गृहस्थ आहेत. आवारात बसलेल्या आसनातली एक जुनी दगडी मूर्ती आहे, तिच्यावरून 'हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध मंदिर' असं पत्रक छापून झालंय. महिना झाला, पैसा येत नाही. काय करावं?

जय भीम. मी निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या विहारांच्या आणि वाचनालयांच्या बांधकाम समित्यांचे हिशेब बघत आलोय. त्या अनुभवावरून आधी मुद्द्याचं सांगतो. तुम्ही 62 लाख मागताय म्हणून पैसा येत नाही. 120 घरांच्या वस्तीनं एवढा आकडा पत्रकावर छापला की देणाऱ्याला वाटतं, हे काही होत नाही. आणि माझ्या पाचशेनं असा काय फरक पडणार? शिवाय पत्रकात वस्तीनं स्वतः किती घातले, याचा उल्लेखच नाही. बाहेरचा माणूस पहिल्यांदा तेच शोधतो.

म्हणून क्रम बदला. आधी वस्तीची वर्गणी, तीही जाहीर यादीसह. मग कामाचे तुकडे. बाहेरच्यांकडे हात त्यानंतर पसरायचा.

वस्तीचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडतो. घरामागे महिन्याला 200 रुपये, 18 महिने, 120 घरं: 4,32,000 रुपये. सगळी घरं देणार नाहीत, हे धरून चाला. पण तीन-साडेतीन लाख वस्तीतून उभे राहिले आणि त्याची नावनिशीवार यादी विहाराच्या दारात लागली, की कोल्हापुरातला अधिकारी किंवा पुण्यातला इंजिनिअर ती यादी बघून खिशात हात घालतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वर्गणी कधी मागायची याचाही विचार करा. विडीची मजुरी आठवड्याला हातात येते, तेव्हा बायांकडून आठवड्याला 50 घेणं सोपं. महिन्याचे 200 एकदम मागितले तर तेच जड जातात. ऊसवाल्यांकडे कारखान्याचं बिल जमा झाल्यावर जा. बचत गटाच्या बायांना वर्गणीची वही द्या. वस्तीत कोणाचं काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं, आणि कोणाला या महिन्यात माफ करायचं हेही त्या न बोलता ठरवतात.

आता 62 लाखांबद्दल. पाडू नका. कळकळीनं सांगतोय, कारण या भागात गेल्या काही वर्षांत दीक्षेच्या पिढीनं बांधलेली विहारं एकामागून एक जेसीबीखाली गेलीत आणि त्यांच्या जागी एकसारखे सिमेंटचे चौकोन उभे राहिलेत. तुमची इमारत सत्तरीची आहे. तेव्हा वस्तीत एकही पक्कं घर नसताना लोकांनी खाणीतून दगड वाहून आणून ती बांधली. हीच तुमच्या आवाहनातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि तुम्ही तीच पाडायला निघालात.

एक भिंत पडली म्हणजे इमारत गेली असं नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती पडण्याचं नेहमीचं कारण पाणी. कौलं फुटून वरून झिरपतं, पन्हाळीचं पाणी थेट पायाशी पडतं, आणि कधीतरी कोणीतरी 'मजबुती' म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असतो. मातीची किंवा चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आतच राहते, माती पिठासारखी होते आणि भिंत फुगते. उरलेल्या तीन भिंतींवर बोटाच्या पेरानं ठोकून बघा. गिलाव्याखाली पोकळ आवाज येतो तिथं खडूनं खूण करा, फोटो काढा. तुळया आणि वाशांना टोकाशी, जिथं ते भिंतीत बसतात तिथं, खिळा टोचून बघा. लाकूड सहसा तिथंच कुजतं, मधला भाग ठणठणीत निघतो. एवढं करून मग दगडी बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बेळगावात आर्किटेक्चर शिकवणाऱ्या कॉलेजात विचारलं तर विद्यार्थ्यांकडून इमारतीची मोजणी आणि नकाशे करून मिळू शकतात. पडलेल्या भिंतीतले दगड मात्र विकू नका, कोणाला पायासाठी उचलूही देऊ नका. ते ओळीनं लावून ठेवा. तोच तुमचा अर्धा माल.

मग अंदाजपत्रक तुकड्यांत मांडा. पाणी थांबवणं: कौलं, पन्हाळी, भिंतीलगत चर. पडलेली भिंत. लाकूडकाम. फरशी आणि आतला चुन्याचा गिलावा. अभ्यासिकेची वेगळी खोली हवी असेल तर ती शेवटी, बाजूच्या मोकळ्या जागेत. प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र आकडा, आणि मागायचे ते फक्त चालू तुकड्याचे पैसे. 'भिंतीसाठी इतके हवेत, इतके जमले' हा फलक रोज बदलता येतो. 62 लाखांचा फलक वर्षभर हलत नाही, आणि न हललेला फलक बघून वस्तीचीच उमेद जाते.

लहान रकमांनी मोठं काम होतं याचे दाखले तुमच्या पत्रकात घाला. जपानमध्ये नारा इथल्या याकुशी-जी मंदिराचा मुख्य मंडप 1528 च्या आगीत गेला आणि पुढं चारशेहून अधिक वर्षं तिथं तात्पुरती इमारत होती. ताकादा कोइन हे प्रमुख भिक्खू झाल्यावर त्यांनी 1968 मध्ये लोकांना सांगितलं: हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्राची एक प्रत स्वतःच्या हातानं लिहा आणि सोबत 1,000 येन द्या. लक्ष्य दहा लाख प्रतींचं होतं. 1976 मध्ये मंडप पुन्हा उभा राहिला, आणि त्याच वाटेनं 1981 मध्ये पश्चिमेचा पॅगोडाही. देणाऱ्याला नुसती पावती मिळाली नाही, त्याच्या हातून काहीतरी घडलं. हे त्यातलं खरं मर्म. तुमच्याकडे हेच करता येईल. वस्तीतल्या आणि पंचक्रोशीतल्या शाळकरी पोरांना पंचशील किंवा बावीस प्रतिज्ञा स्वच्छ अक्षरात लिहायला सांगा, प्रत्येक प्रतीमागे घरच्यांनी शंभर रुपये द्यायचे. त्या प्रती बांधून विहारात ठेवा. आषाढ ते अश्विन पौर्णिमेचा वर्षावास यासाठी उत्तम. लोक ग्रंथवाचनाला रोज जमतातच. वर्गणीसाठी वेगळी सभा घ्यावी लागत नाही.

जवळचे दाखले तर याहून बोलके आहेत. कार्ल्याचं चैत्यगृह आपण महाराष्ट्राचं म्हणतो, पण तिथल्या लेखात ते पूर्णत्वाला नेणारा म्हणून नाव आहे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं, आणि वैजयंती म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातलं बनवासी. उलट बाजूनं, मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावर 'करहकट' नगराचं दान कोरलेलं आहे. हे करहकट म्हणजे कराड असं अभ्यासक मानतात. कोल्हापुरात 1877 मध्ये स्तूपाच्या जागी धातूची पेटी असलेला दगडी करंडक सापडला, त्यावर दोन नावं आहेत: दान ब्रह्म नावाच्या दात्याचं, करवून घेतलं धर्मगुप्तानं. पैसा देणारा आणि काम उभं करणारा, दोघांची नोंद. आणि गदग जिल्ह्यातल्या डंबळ इथं 1095 चा लेख सांगतो की तिथलं बुद्धविहार सोळा शेट्टींनी मिळून बांधलं होतं. एकट्याची ऐपत नसेल तर सोळांनी मिळून करायचं, ही रीत या मातीत नऊशे वर्षांहून जुनी आहे. हद्दीच्या या बाजूच्या कामाला त्या बाजूनं पैसा येणं यातही नवीन काही नाही, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे मागायला संकोच नको.

पत्रकातलं 'हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध मंदिर' मात्र आजच काढून टाका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मूर्ती पद्मासनात आहे, दोन्ही हात मांडीवर. एवढ्यावरून ती बुद्धाची ठरत नाही. बेळगाव जिल्हा हा जैन मूर्तींचा जिल्हा आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 चं, रट्ट राजांच्या काळातलं. ध्यानस्थ बसलेली दगडी मूर्ती आपल्याकडे सापडली तर ती तीर्थंकराची असण्याची शक्यताच जास्त. डाव्या खांद्यावरून आलेली चीवराची कड, घोट्यापाशी वस्त्राची रेघ, डोक्यावर उष्णीष (माथ्यावरचा उंचवटा) दिसतंय का, हे तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, बघा. वस्त्राची एकही रेघ नसेल, डोक्यावर तिहेरी छत्र असेल, दोन्ही बाजूंना चवरीधारी असतील, तर ती जिनमूर्ती समजा. छातीवर श्रीवत्स हे जैन चिन्ह नाही म्हणून बुद्ध, हा युक्तिवाद इथं चालत नाही, कारण दक्षिणेतल्या दिगंबर मूर्तींवर ते बहुधा नसतंच. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि पुरालेखांचे जाणकार आहेत. त्यांना फोटो दाखवा. मूर्तीला तेलरंग लावू नका, सिमेंटनं चौथऱ्यात बसवूही नका. पाया खणताना आणखी काही निघालं तर निखात निधी (जमिनीत सापडलेला ठेवा) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. काम तेवढ्यापुरतं थांबलं तरी चालेल.

चुकीचा दावा करून गावातल्या जैन शेजाऱ्यांना दुखवाल, आणि उद्या कोणी खोडून काढलं की भिंतीचा खरा हिशेबही लोकांना खोटा वाटेल. शिवाय त्याची गरजच काय? एप्रिल 1925 मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब तिथं होते. त्याआधी पाच वर्षं, मार्च 1920 मध्ये, माणगावची परिषद झाली, शाहू महाराजांच्या उपस्थितीत. 1941 मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावात उभी राहिली. तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे आईबाप यातल्या कुठल्या तरी वाटेवरून आले आणि दीक्षेनंतर वर्षाच्या आत त्यांनी विहार बांधलं. हा खरा इतिहास आहे. 1957 ला दगड वाहणारी माणसं आज नव्वदीच्या आसपास असतील. त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्या, या महिन्यातच. पत्रकात त्यांचे चार शब्द आणि त्यांचा इमारतीसमोरचा फोटो घाला. पलटणीतून निवृत्त झालेल्यांची घरं शोधा. पेन्शनवाल्या घरांतून धम्मदान नियमित येतं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, पण यात चालढकल नको. जागा कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा, उतारा काढा. जागा कोणा आजोबांच्या नावावर असेल तर त्यांचे सगळे वारस हयात आणि राजी असतानाच बक्षीसपत्र करून घ्या. एका गावात स्लॅब पडल्यावर वारसांनी हरकत घेतली, आणि ते काम आजही तसंच उभं आहे. समिती नोंदवलेली नसेल तर उपनोंदणी कार्यालयात ट्रस्ट डीड करा किंवा कर्नाटक संस्था नोंदणी कायदा 1960 खाली संस्था करा. पॅन, बँक खातं, दोन सह्या, त्यातली एक बाईची. क्यूआर कोड खात्याचा, अध्यक्षाच्या फोनचा नव्हे. पावती पुस्तकावर अनुक्रमांक छापा आणि पावती मराठी-कन्नड दोन्ही भाषांत ठेवा: कोल्हापूर-पुण्याच्या देणगीदाराला मराठी लागते, पंचायत आणि तालुका कार्यालयाला कन्नड, आणि चिकोडीकडच्या आपल्या कन्नड बोलणाऱ्या बांधवांनाही पावती वाचता आली पाहिजे. महाराष्ट्रातले लोक पावतीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक शोधतात. तो तुमच्याकडे नसणार, म्हणून कर्नाटकातला नोंदणी क्रमांक ठळक छापा. तिकडे फेरी काढून वर्गणी गोळा करायची असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात चौकशी करून लेखी कळवा.

करसवलतीचं आश्वासन देऊ नका. निव्वळ धार्मिक कामासाठीच्या ट्रस्टला 80जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तत्त्व तेच. पुढं अभ्यासिका आणि वाचनालय खरंच चालवणार असाल तर त्यासाठी वेगळा शैक्षणिक ट्रस्ट करून तिथं ही सवलत घ्या. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधीही शिक्षणाच्या कामाला मिळवणं सोपं जातं. पण त्या ट्रस्टचा पैसा विहाराच्या भिंतीत घालायचा नाही. खासदार निधीतूनही पूजास्थानाच्या इमारतीला पैसे देता येत नाहीत. त्यातून रस्ता, गटार, पंचायतीच्या जागेवरचं वाचनालय मागा. विहाराच्या मागून पाणी वाहून नेणारं गटार झालं तरी तुमच्या मागच्या भिंतीचं निम्मं दुखणं जाईल.

दुबईच्या नातेवाइकांची काळजी नको. पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्यांचा पैसा मात्र ठरतो, मग ते सख्खे भाऊ का असेनात. तो एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. थायलंडच्या मूर्तीचंही तसंच. संस्थेला परदेशातून आलेली वस्तू ही देखील परदेशी देणगीच असते, वर सीमाशुल्काचा प्रश्न वेगळा. नम्रपणे थांबायला सांगा. 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला बाबासाहेबांनी ज्या मूर्तीची स्थापना केली ती रंगूनहून आली होती, त्यामुळे परदेशी मूर्तीची ओढ मी समजू शकतो. पण तुमच्या विहारात 1957 पासूनची मूर्ती आहेच, आणि वस्तीची वंदना तिच्यासमोरच चालत आलीय.

नावांच्या पाटीवरून भांडणं होतात म्हणून आताच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात, रक्कम न लिहिता. सांचीच्या कठड्यांवर आणि तोरणांवर भिक्षुणींची, गृहिणींची, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांची दानं अशीच शेजारी शेजारी कोरलेली आहेत. दगड, वाळू, कौलं देणाऱ्यांची आणि श्रमदान करणाऱ्यांचीही नावं त्याच पाटीवर यावीत; श्रमदानासाठी हजेरीची वही ठेवा. खानापूरकडच्या एखाद्या कौलवाल्यानं माल दिला तर त्याची किंमत लिहून पावती फाडा. कोणी पुढारी 'मी पाच लाख देतो, दारावर माझं नाव' म्हणाला तर पाटी दाखवा. बाकीच्यांच्या ओळीत यायला तयार असेल तर पैसे आनंदानं घ्या.

हिशेब दर पौर्णिमेला वाचून दाखवायचा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, कोणाचं बिल थकलंय. त्याच रात्री फोटो व्हॉट्सअॅपवर. ठेकेदाराला आगाऊ रक्कम थोडीच, बाकी मोजमापानंतर.

जमलेल्यातले दहा टक्के पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयानं, उषवदातानं, केलेल्या ठेवीचा लेख आहे: 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, त्यातले 2,000 महिना एक टक्क्यानं. वर्षाचं व्याज 240, म्हणजे वीस भिक्खूंच्या चीवरांसाठी प्रत्येकी 12. मुद्दल परत काढायचं नाही, व्याजच खायचं, असं लेखातच बजावलंय. तुमच्या कौलांना दर दोन वर्षांनी फेरफार लागणार, पन्हाळी दर मे महिन्यात साफ करायची. त्याचे पैसे अशा मुदत ठेवीच्या व्याजातून यावेत, दर वेळी दारोदार हिंडून नव्हे. ट्रस्ट डीडमध्येच लिहून घ्या की ही ठेव समितीला मोडता येणार नाही.

पावसाळ्यापूर्वी निदान उघड्या पडलेल्या बाजूवर जाड ताडपत्री आणि भिंतीलगतचा चर एवढं करून टाका. त्याला आठ-दहा पोरं आणि एक रविवार पुरेल. ई-स्वत्तू उताऱ्याची प्रत आणि भिंतींचे खडूच्या खुणांसह फोटो पाठवा, मग तुकड्यांचं अंदाजपत्रक आपण मिळून मांडू.